आणखी किती जणांना घेता येईल? सामाजिक सेवा आखण्याची आणि चालवण्याची साधने

सामाजिक संस्थेच्या कपाटात नियोजनाचे कागद कमी नसतात. देणगीदाराला दिलेला प्रस्ताव असतो, तीन वर्षांचा आराखडा असतो, गुळगुळीत कागदावरचा वार्षिक अहवाल असतो. पण सेवेच्या समन्वयकाला विचारा, "या महिन्यात नवीन किती जणांना घेता येईल?" बहुतेक वेळा उत्तर येते, "बघू, बसवू कुठेतरी." असे बसवत बसवत वर्ष जाते. भेटी घाईच्या होतात, कार्यकर्ते दमतात, एखादा सोडून जातो, आणि अहवालातला आकडा मात्र दरवर्षी चढत राहतो.

ज्यांच्यावर एखादी सेवा रोज चालवण्याची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. गृहभेटी, समुपदेशन, अभ्यासिका, कायदेशीर सल्ला, दिव्यांगांसाठी मदत केंद्र, काहीही असो. समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे: घरी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना नियमित भेट देणारी सेवा. आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी आपले घाला.

नियोजनाची मोफत साधने आज भरपूर मिळतात, इतकी की तक्ते भरण्यातच महिने जावेत. म्हणून कोणताही तक्ता उघडण्याआधी एक विचारून घ्यावे: हा भरल्यावर आपण कोणता निर्णय घेणार? उत्तर नसेल तर तक्ता बंद करावा.

गरज नेमकी कोणी सांगितली?

सेवा सुरू करण्याआधी 'गरजांचे सर्वेक्षण' होते. त्यात बहुधा एकाच प्रकारची गरज मोजली जाते आणि मग सेवा सुरू झाल्यावर लोक का येत नाहीत याचे कोडे पडते. ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार मांडले. पन्नास वर्षांनंतरही ही विभागणी कामाची आहे, कारण प्रत्येक प्रकाराची माहिती वेगळ्या ठिकाणाहून आणावी लागते.

पहिली, तज्ज्ञांनी ठरवलेली गरज: ठरावीक मापाच्या खाली असलेल्याला मदत हवी, असे डॉक्टर किंवा धोरण सांगते. दुसरी, माणसाला स्वतःला जाणवणारी. तिसरी, त्याने प्रत्यक्ष मागितलेली, म्हणजे जो दारात आला किंवा ज्याने फोन केला त्याची. चौथी, तुलनेतून दिसणारी: तशाच परिस्थितीतल्या शेजारच्या भागात सेवा आहे, इथे नाही.

एका कागदावर चार रकाने आखा. आपल्या उदाहरणात पहिल्या रकान्यात आरोग्य केंद्राकडून मिळालेली माहिती येईल. दुसऱ्यात ज्येष्ठांशी आणि शेजाऱ्यांशी झालेल्या गटचर्चेचे मुद्दे. तिसऱ्यात गेल्या वर्षभरात कोणी काय मागितले याची नोंद. अशी नोंद नसेल तर आजच एक वही सुरू करा, नकार दिलेल्यांचीही नावे त्यात हवीत. चौथ्यात आजूबाजूच्या सेवांची यादी. मग रकाने एकमेकांशी ताडून पाहा. तज्ज्ञ म्हणतात औषधांवर लक्ष हवे, ज्येष्ठ म्हणतात बोलायला कोणी हवे आणि बँकेच्या कागदांत मदत हवी. इथे तज्ज्ञांचाच रकाना धरून सेवा आखली तर दार उघडेल, पण मनापासून उघडणार नाही. औषधांचा डबा बघायचा असेल तर आधी बँकेचा कागद हातात घ्यावा लागतो, हे चार रकाने शेजारी ठेवल्यावर दिसते.

याच टप्प्यावर वस्तीत आधीपासून काय आहे तेही मांडून घ्या: रोज दार वाजवणारी माणसे, मंडळे, निवृत्त परिचारिका, रिकामी असलेली खोली. जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी १९९३ मध्ये हाच आग्रह धरला होता की उणिवांच्या आधी वस्तीची ताकद नकाशावर आणा. पद्धत सोपी आहे. मोठा कागद, त्यावर रस्ते, आणि तिथे राहणाऱ्यांच्या हातात पेन. कार्यकर्त्याने पेन धरला की नकाशा कार्यकर्त्याचा होतो.

लोकसहभागाबद्दल एक इशारा. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात 'मत विचारणे' ही चौथी पायरी आहे आणि त्यांनी ती केवळ देखाव्याच्या सहभागात धरली आहे. आपण बैठक घेतली, मते लिहून घेतली आणि आराखडा आधीचाच ठेवला, तर आपण त्याच पायरीवर आहोत. बैठकीआधीच ठरवा की कोणत्या दोन-तीन बाबी लोकांच्या म्हणण्याने बदलू शकतात, आणि बैठकीत ते उघड सांगा. भेटीची वेळ आणि भेटीला येणारी व्यक्ती या बाबी तरी खुल्या ठेवता येतातच.

एक पान, उलट्या बाजूने

पुढचे साधन म्हणजे लॉजिक मॉडेल किंवा त्याचा थोरला भाऊ लॉगफ्रेम: डावीकडे लागणारी माणसे आणि पैसा, मध्ये कामे, उजवीकडे अपेक्षित बदल, अशी साखळी एका पानावर मांडणारा तक्ता. लॉगफ्रेम १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या विकास संस्थेसाठी तयार झाला आणि नंतर देणगीदारांच्या अर्जांत कायमचा बसला. म्हणूनच बहुतेक जण तो अर्ज भरताना लिहितात आणि मंजुरी मिळाली की विसरतात. खरे तर समन्वयकाच्या टेबलावर तो असला पाहिजे. केलॉग फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेची लॉजिक मॉडेलवरची मार्गदर्शिका मोफत मिळते. कॅन्सस विद्यापीठाच्या 'कम्युनिटी टूल बॉक्स'मध्ये गरज मापनापासून निधी संकलनापर्यंतची प्रकरणे विनामूल्य वाचता येतात. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण तक्ते उचलून मराठीत आणणे अवघड नाही.

पान उजवीकडून लिहायला घ्या. आधी बदल: एक वर्षाने त्या ज्येष्ठाच्या आयुष्यात काय वेगळे असेल? मग त्यासाठी काय घडायला हवे, त्यासाठी कोणती कामे, आणि सर्वांत शेवटी त्यासाठी लागणारी माणसे, पैसा, जागा. डावीकडून सुरुवात केली की आहेत तीच कामे लिहिली जातात आणि उजवीकडे त्यांना शोभेसे उद्दिष्ट चिकटवले जाते.

मग प्रत्येक दोन चौकटींमध्ये 'जर–तर' म्हणून पाहा. जर महिन्याला एक भेट झाली, तर एकटेपणा कमी होईल. होईल का? महिन्यातून एकदा, तासभर? मोठ्याने वाचले की कच्चे दुवे आपोआप सापडतात. कदाचित भेट हा एकटेपणावरचा उपायच नसेल. भेटीतून शेजारच्या गटाशी ओळख करून देणे हा असेल. मग कामाचे स्वरूपच बदलते, आणि ते आता बदललेले बरे.

पानाच्या तळाशी गृहीतके लिहा. 'कुटुंबीय विरोध करणार नाहीत', 'कार्यकर्ती वर्षभर तीच राहील'. यातले जे गृहीतक खोटे ठरले तर सगळे कोसळेल, त्यावर लाल खूण करा आणि पहिल्या तीन महिन्यांत तेच तपासा.

तासांचा हिशेब

नियोजनाचा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. एक कार्यकर्ती वर्षात किती ज्येष्ठांना सांभाळू शकेल? प्रस्ताव लिहिणारा असा हिशेब करतो: आठवड्याला ४० तास, वर्षाला ५२ आठवडे, म्हणजे २,०८० तास. प्रत्येकाला वर्षाला १२ तासाभराच्या भेटी. २,०८० भागिले १२, म्हणजे १७३ ज्येष्ठ. मग मन मोठे करून १५० लिहितो आणि आपण फार सावध आहोत असे त्याला वाटते.

आता खरा हिशेब. रजा, सुट्ट्या, आजारपण मिळून ७ आठवडे वजा करा; उरले ४५ आठवडे, म्हणजे १,८०० तास. त्यातला २५ टक्के वेळ प्रवासात जातो: ४५० तास. नोंदी लिहिण्यात १५ टक्के: २७० तास. बैठका, प्रशिक्षण आणि वरिष्ठांशी होणारी कामाची चर्चा यांत आणखी १५ टक्के: २७० तास. उरतात ८१० तास. एका ज्येष्ठामागे १२ तास भेटींचे, आणि फोन, दवाखान्याशी बोलणे, नातेवाइकांना कळवणे यांचे ३ तास, असे १५ तास. ८१० भागिले १५: चोपन्न.

१७३ आणि ५४. या दोन आकड्यांमधली दरी कार्यकर्ती आपल्या संध्याकाळी, रविवार आणि तब्येत घालून भरते. ती भरत नसेल तर भेटी कागदावर होतात.

टक्केवारी अंदाजाने टाकू नका. सगळ्या कार्यकर्त्यांनी सलग दोन आठवडे आपला वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींत पाच-सहा प्रकारांखाली मांडला तरी चित्र स्पष्ट होते. ही पाळत नाही, हे आधी सांगावे लागते, आणि ते पटावे म्हणून समन्वयकाने स्वतःचाही तक्ता भिंतीवर लावावा. दोन आठवडे नेहमीसारखे निवडा. अहवालाचा किंवा शिबिराचा काळ नको.

हा हिशेब एकदा स्प्रेडशीटमध्ये बसवला की त्याच्यावर निर्णय घेता येतात. भेटी भागानुसार एकत्र केल्या आणि प्रवास २५ वरून १८ टक्क्यांवर आला, तर १२६ तास वाचतात. म्हणजे आणखी ८ ज्येष्ठ, एक पैसाही न वाढवता. नोंदीचा अर्ज निम्मा केला तर? करून बघा. उलट बाजूही दिसते: एक कार्यकर्ती सोडून गेली आणि जागा तीन महिने रिकामी राहिली, तर जवळपास २०० तास, म्हणजे १३ जणांची वर्षभराची सेवा गेली. नवी कार्यकर्ती पहिल्याच आठवड्यापासून पूर्ण भाराने काम करणार नाही, तेही धरा.

प्रतीक्षायादी लपवू नका

दोन कार्यकर्त्या म्हणजे एका वेळी १०८ ज्येष्ठ. प्रत्येक जण सरासरी १२ महिने सेवेत राहत असेल, तर महिन्याला ९ जागा मोकळ्या होतात. हे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाचे साधे रूप आहे: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. दवाखाना असो, समुपदेशन केंद्र असो की कायद्याचा सल्ला, नियम तोच.

आता महिन्याला १४ नवी नावे येत असतील तर? दर महिन्याला ५ जण मागे राहतात. वर्षअखेरीस ६० जणांची रांग, आणि शेवटच्याला साडेसहा महिन्यांहून जास्त थांबावे लागणार. हे जानेवारीतच कळते, डिसेंबरपर्यंत वाट पाहायची गरज नाही. उपाय तीनच आहेत: क्षमता वाढवा, आत राहण्याचा काळ कमी करा, किंवा कोणाला घ्यायचे याची रेषा बदला. चौथा उपाय, म्हणजे सगळ्यांना थोडे थोडे वाटून देणे, हा उपाय वाटतो खरा, पण त्यात भेट इतकी पातळ होते की 'जर–तर' साखळीच तुटते.

काळ कमी करणे म्हणजे लोकांना हाकलणे नव्हे. सेवेचे तीन थर करा: नाजूक काळात आठवड्याला भेट, स्थिर झाल्यावर महिन्याला, आणि नंतर फक्त फोन. कोण कोणत्या थरात आहे हे दर तीन महिन्यांनी दोघांनी मिळून ठरवा, एकट्या कार्यकर्तीने नाही. तिला प्रत्येक जण जवळचा असतो आणि खाली उतरवणे जड जाते. ते स्वाभाविक आहे.

रांगेत कोणाला आधी घ्यायचे याचे निकष नावे येण्याआधी लिहून ठेवा. तीन पुरेत. उदाहरणार्थ, गेल्या तीन महिन्यांत रुग्णालयात दाखल झाले का, आठवड्यातून एकदा तरी भेटणारे कोणी आहे का, एकट्याने घराबाहेर पडता येते का. विश्वस्तांच्या ओळखीचा फोन आला तरी निकष तेच, आणि हे कार्यकारिणीच्या ठरावात असले की समन्वयकाला नाही म्हणणे सोपे जाते. दहातली एक जागा तातडीच्या प्रसंगासाठी मोकळी ठेवा. रांगेतल्या प्रत्येकाला महिन्यातून एक फोन करा. काही जण दुसरीकडे गेलेले असतात, काहींची अवस्था बिघडलेली असते, आणि उरलेल्यांना आपण विसरलो नाही एवढे तरी कळते.

एका भेटीचा खरा खर्च

संस्थेचा वर्षाचा खर्च १०० भाग धरा. गृहभेटींचा थेट खर्च ४८, अभ्यासिकेचा ३२, आणि सामाईक खर्च २०. सामाईक म्हणजे हिशेबनीस, कार्यालयाचे भाडे, लेखापरीक्षण, इंटरनेट, समन्वयकाचा पगार. हे २० दोन सेवांवर वाटायचे कसे? ज्यामुळे खर्च वाढतो त्याच्या प्रमाणात. बहुतेक संस्थांत कामाचे तास हा चांगला आधार ठरतो. गृहभेटींवर ६० टक्के तास जात असतील तर २० पैकी १२ त्यांच्या वाट्याला. म्हणजे सेवेचा पूर्ण खर्च ६०.

देणगीदार म्हणतो, थेट खर्च देऊ आणि वर १० टक्के प्रशासकीय. मिळाले ५२.८. खड्डा ७.२, म्हणजे पूर्ण खर्चाच्या १२ टक्के. अशा अटीवर प्रकल्प जितके वाढतील तितका खड्डा मोठा होतो, आणि बाहेरून संस्था वाढताना दिसते! खड्डा मग कुठून भरला जातो? हिशेबनीस अर्धवेळ होतो, संगणक जुना राहतो, मानधन उशिरा निघते. प्रशासकीय खर्च कमी दाखवणे हा गुण समजला जातो, म्हणून संस्था तो आणखी कमी दाखवतात आणि देणगीदाराची अपेक्षा आणखी खाली जाते. हे चक्र एका संस्थेला एकटीने तोडता येत नाही, पण आपला पूर्ण खर्च आपल्याला ठाऊक असणे ही त्याची सुरुवात आहे.

प्रस्तावात 'प्रशासन' नावाची एकच ओळ टाकण्याऐवजी शक्य तेवढा सामाईक खर्च कामाच्या नावाने मांडा: कार्यकर्त्यांचे मार्गदर्शन, नोंदींची व्यवस्था, सुरक्षेचे प्रशिक्षण. यात लपवाछपवी नाही. ती कामे त्या सेवेसाठीच होतात. मात्र तोच खर्च दोन देणगीदारांकडे पूर्ण लावू नका. त्यासाठी एक तक्ता ठेवा, आडव्या ओळींत खर्च आणि उभ्या रकान्यांत देणगीदार. प्रत्येक ओळीची बेरीज शंभर टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. लेखापरीक्षकाच्या आधी तो तक्ता तुम्हीच बघा.

एका भेटीचा खर्च काढताना ठरलेल्या भेटींनी भागू नका, झालेल्या भेटींनी भागा. १०८ ज्येष्ठांच्या वर्षाला १,२९६ भेटी ठरल्या आणि १,१०० झाल्या, तर प्रत्येक भेट ठरवल्यापेक्षा जवळपास १८ टक्के महाग पडली. न झालेल्या भेटींची कारणे मग पैशांच्या भाषेत बोलू लागतात. दार बंद होते, कार्यकर्ती रजेवर होती, दवाखान्याची तारीख होती. आदल्या दिवशीच्या एका फोनने यातल्या किती वाचतील?

अंदाजपत्रकाबरोबर महिन्यागणिक रोखीचा अंदाजही हवा. मंजूर अनुदान आणि खात्यात आलेले अनुदान यांत महिने जाऊ शकतात. निदान तीन महिन्यांचे पगार आणि भाडे भागेल एवढा राखीव निधी ठेवण्याचे लक्ष्य धरावे, तोवर नवी सेवा सुरू करण्याचा मोह टाळावा.

माणसे

पगारी कार्यकर्त्यांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो: महिन्यातून एकदा तासभर समन्वयकाने प्रत्येकीशी एकटीने बसून बोलणे. या बैठकीत 'किती झाल्या' हा विषय नको. कोणती केस अवघड जात आहे, कुठे भीती वाटते, कुठे मर्यादा ओलांडली जात आहे. दुःखाच्या घरांत रोज जाणाऱ्या माणसाला हे न मिळाले तर तो कोरडा होतो किंवा नोकरी सोडतो.

स्वयंसेवक फुकट नसतात. त्यांना शोधणे, पारखणे, शिकवणे, वेळापत्रकात बसवणे यांत पगारी तास जातात, ते क्षमतेच्या तक्त्यात धरा. प्रत्येकाला एक पानभर कामाचे वर्णन द्या आणि त्यात काय करायचे नाही ते ठळक लिहा: पैसे हाताळायचे नाहीत, औषध द्यायचे नाही, स्वतःच्या घरी न्यायचे नाही. घरात एकट्याने जाणाऱ्याची पार्श्वभूमी तपासलीच पाहिजे, तो कितीही ओळखीचा असला तरी.

नोंदी: आधी वही, मग सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर घेण्याआधी साध्या स्प्रेडशीटवर तीन महिने काढा. एक ओळ म्हणजे एक भेट. रकाने: व्यक्तीचा क्रमांक, तारीख, कार्यकर्ता, भेटीचा प्रकार, झाली की नाही, नसेल तर कारण, मिनिटे, पुढे काय करायचे, कधीपर्यंत. नावे, पत्ते, फोन वेगळ्या शीटमध्ये कुलूपबंद. क्रमांक हवाच, कारण एकच नाव तीन कार्यकर्ते तीन प्रकारे लिहितात आणि वर्षअखेरीस एका माणसाची तीन माणसे होतात. रंगाने खुणा करू नका. रंग मोजता येत नाहीत. कारणांसाठी ठरलेली यादी द्या, नाहीतर 'दार बंद', 'घरी नव्हते', 'कुलूप' अशी एकाच गोष्टीची दहा रूपे होतील.

यातून पिव्हट टेबल, म्हणजे नोंदींची गटवार बेरीज आपोआप मांडणारा तक्ता, काढता आला की बहुतेक मासिक अहवाल दहा मिनिटांत निघतात. फोनवरून, नेटवर्क नसतानाही माहिती भरायची असेल तर कोबोटूलबॉक्स आणि ओडीके ही साधने चांगली आहेत. दोन्हींत मराठी अर्ज करता येतात. सभासद, देणग्या आणि केसेस एकत्र सांभाळायच्या असतील तर सिव्हीसीआरएम हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, पण ते बसवायला आणि टिकवायला जाणकार माणूस लागतो. तो नसेल तर घेऊ नका.

दिव्यांग व्यक्ती आपल्यापर्यंत पोहोचतात का हे पाहायचे असेल तर दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचा छोटा प्रश्नसंच वापरा. प्रश्न सहाच आहेत: पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, आठवणे किंवा लक्ष देणे, स्वतःची निगा राखणे, संवाद साधणे. प्रत्येकाला उत्तराचे चार पर्याय, 'काहीच अडचण नाही' ते 'अजिबात करता येत नाही'. 'तुम्ही दिव्यांग आहात का?' असे कुठेच विचारायचे नसते. तसे विचारले की अनेक जण नाही म्हणून मोकळे होतात.

प्रत्येक रकान्यापुढे तो कशासाठी, हे लिहा. धर्म, जात, आजार, घरातली भांडणे यांची माहिती कामाला लागत नसेल तर घेऊच नका. जी घेतली ती कोण पाहू शकतो आणि किती वर्षांनी पुसायची, तेही ठरवा. कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ज्येष्ठांचे फोटो आणि वैद्यकीय कागद फिरत असतील तर बाकी सगळी गोपनीयता व्यर्थ आहे.

फरक पडला का?

मोजमापासाठी मार्क फ्रीडमन यांच्या पद्धतीतले तीन प्रश्न पुरतात: किती केले, किती चांगले केले, आणि कोणाचे काही बरे झाले का. प्रत्येकाखाली दोन, म्हणजे एकूण सहा मापके. आपल्या सेवेसाठी: झालेल्या भेटी, सेवेतील व्यक्ती, ठरलेल्या दिवशी झालेल्या भेटींचे प्रमाण, तीच कार्यकर्ती कायम असल्याचे प्रमाण, आठवड्यात कोणाशी तरी मनमोकळे बोलणे झाले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण, अडलेले सरकारी किंवा बँकेचे काम मार्गी लागलेल्यांचे प्रमाण. शेवटची दोन सुरुवातीलाच विचारून ठेवावी लागतात. सहा महिन्यांनी आठवले तर तुलनेला काहीच उरत नाही.

आकड्याचे लक्ष्य झाले की आकडा बिघडतो. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात केलेले हे निरीक्षण गृहभेटींनाही लागू आहे: भेटींच्या संख्येवर कौतुक झाले की भेटी लहान होतात. म्हणून संख्येच्या शेजारी सरासरी मिनिटे कायम ठेवा.

आकड्यांत न मावणाऱ्यासाठी 'सर्वांत महत्त्वाचा बदल' ही पद्धत आहे. रिक डेव्हिस यांनी ती १९९० च्या दशकात बांगलादेशातल्या एका ग्रामीण कार्यक्रमात विकसित केली. लोकांकडून बदलाच्या कहाण्या गोळा करायच्या, मग वेगवेगळ्या पातळ्यांवर बसून त्यातली सर्वांत महत्त्वाची निवडायची आणि का निवडली ते लिहायचे. खरी कमाई त्या निवडीच्या वादात असते. कार्यकर्त्यांनी निवडलेली कहाणी आणि विश्वस्तांनी निवडलेली कहाणी वेगळी निघाली, तर संस्था दोन वेगवेगळ्या गोष्टींना यश म्हणत आहे, हे समोर येते.

तक्रार, जोखीम आणि वर्षाचे वेळापत्रक

'कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड' या मानकात नऊ बांधिलक्या आहेत. त्यातली पाचवी तक्रारींची. ते आपत्ती निवारणातून आलेले असले तरी नियमित सेवेला तपासणी यादी म्हणून छान चालते. तक्रारीचे दोन मार्ग ठेवा आणि त्यातला एक तरी भेटीला येणाऱ्या कार्यकर्तीला वगळून जाणारा असू द्या. जिच्याबद्दल तक्रार आहे तिच्याच हातात तक्रारपेटीची किल्ली असते, असे प्रकार दिसतात. शोषणाची किंवा छळाची तक्रार त्याच दिवशी ठरावीक विश्वस्ताकडे गेली पाहिजे. त्याचे नाव सगळ्यांना माहीत हवे.

जोखमींची यादी दहा ओळींच्या आत ठेवा. प्रत्येकीपुढे जबाबदार माणूस आणि तिची पहिली चाहूल कशी लागेल ते लिहा.

वेळापत्रक असे चालू शकते: दर महिन्याला क्षमता, प्रतीक्षायादी आणि रोख, तिन्ही एका पानावर. दर तीन महिन्यांनी थरांची फेरतपासणी आणि सहा मापके. वर्षातून एकदा गरजांचे चार रकाने आणि 'जर–तर' साखळी नव्याने, सेवा घेणाऱ्यांना सोबत बसवून. या वार्षिक बैठकीत एक प्रश्न कार्यपत्रिकेवर छापूनच ठेवा: यंदा काय बंद करायचे?

सेवा बंद करण्याची योजना ती सुरू करतानाच लिहिलेली बरी, कारण निधी संपल्याचे पत्र आल्यावर कोणाला शांतपणे विचार करता येत नाही. निदान तीन महिने आधी सेवा घेणाऱ्यांना समोरासमोर सांगणे. प्रत्येकासाठी पुढची सोय शोधणे, आणि त्याच्या संमतीनेच त्याची माहिती नव्या संस्थेला देणे. शक्य असेल तर जुन्या आणि नव्या कार्यकर्तीची एक भेट एकत्र. नवे प्रवेश कोणत्या तारखेपासून थांबतील ते फलकावर लावणे. नोंदी कोणाकडे आणि किती काळ राहतील ते ठरवणे. आणि सेवेचा फोन नंतरचे तीन महिने कोण उचलणार, त्या माणसाचे मानधन शेवटच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवणे.